हाताचे माप

डेपोच्या तपासणी शेडमध्ये जमिनीत एक लांबट, सिमेंटचा खड्डा आहे. बस त्याच्या दोन्ही काठांवर चाके टेकवून उभी राहते आणि माणूस पायऱ्या उतरून तिच्या पोटाखाली जातो. ज्या माणसाचे कामाचे सारे आयुष्य या खड्ड्यात गेले, त्याला डेपोत 'खालचे काका' म्हणत. हे नाव कोणी ठेवले ते कोणालाच आठवत नव्हते. प्रारंभी त्यात थट्टा असावी. पण थट्टा वर्षानुवर्षे वापरली की तिची धार जाते आणि नुसता पत्ता उरतो. "काका कुठेत?" "खाली." एवढ्यात त्यांची ओळख पूर्ण होई.

खाली दिवस कसा जातो हे वरच्या माणसाला सांगून कळणार नाही. खड्ड्याला आकाश नसते. त्या जागी एकामागून एक इंजिने येतात. वरचे बोलणे वरच राहते. एखाद्या विनोदावर चौघे हसले की खाली हसू तेवढे पोहोचते, विनोद पोहोचत नाही. काकांनी आरंभी "काय झालं रे?" असे विचारून पाहिले होते. पण विनोद दुसऱ्यांदा सांगितला की मरतो, आणि मेलेला विनोद ऐकायला कोणी मान वर करून उभे आहे हे पाहून सांगणारालाही अवघडल्यासारखे होते. तेव्हा त्यांनी विचारणे सोडून दिले.

त्यांचे काम मुख्यतः तेल बदलण्याचे. इंजिनच्या तळाशी तेलाचे पसरट भांडे असते, कारागीर त्याला चेंबर म्हणतात. चेंबरच्या बुडाला बुचासारखा आत फिरून बसणारा एक जाड नट असतो. तो उघडायचा, काळे झालेले तेल गळून जाऊ द्यायचे, तांब्याचा नवा वॉशर घालून नट पुन्हा आवळायचा. सांगायला दोन वाक्यांचे काम. पण नट ढिला राहिला तर तेल रस्ताभर सांडते, आणि अती आवळला तर आटे मरतात, नाहीतर चेंबरच तडकते. या दोहोंच्या मधली जी अरुंद जागा, तिला डेपोत 'हाताचे माप' म्हणत. नट बसत जातो, वॉशर दबतो, पान्याच्या दांड्यातून बोटांना एक बारीकसा निरोप येतो की आता पुरे, तिथे थांबायचे. हा निरोप ज्याला ऐकू येतो तो कारागीर, बाकीचे नुसते ताकदवान.

डेपोची आणखी एक रीत होती. नट आवळून झाला की त्यावर रंगाचा एक ठिपका द्यायचा, असा की अर्धा नटावर येईल आणि अर्धा चेंबरवर. नट जरा जरी फिरला तरी ठिपका दुभंगतो. आणि प्रत्येकाचा रंग वेगळा असल्यामुळे काम कोणाच्या हातचे हेही कळते. काकांचा रंग पिवळा. दुसऱ्या पाळीत खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाचा पांढरा. पांढऱ्या ठिपक्याखाली फोरमन कधीमधी बॅटरी मारून बघत असे. पिवळा दिसला की वाकायचेही कष्ट घेत नसे. "पिवळं आहे ना? मग सोडा गाडी." हे वाक्य खाली स्पष्ट ऐकू येई. काकांना ते विनोदापेक्षा आवडे.

घरी दोन खोल्या. बायकोला जाऊन बरीच वर्षे झाली होती, आणि तिच्यामागे घरातल्या वस्तू एकेक करून आपापल्या जागी इतक्या पक्क्या झाल्या होत्या की आता कोणी न बघता हात घातला तरी चमचा चमच्याच्या जागीच सापडावा. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात राहायला गेली होती. रविवारी तिचा फोन येई.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"जेवण."

ती हसे, मग नेहमीचे सुरू करी. "किती दिवस त्या खड्ड्यात राहणार? इकडे या. एक खोली रिकामीच पडलीय."

"बघू. इथं काम आहे ना."

या 'काम आहे' मध्ये खोटे काही नव्हते, पण सगळे खरेही नव्हते. लेकीच्या घरी आपण कोण असू, हे त्यांना नीट दिसत होते. सकाळी सगळे आपापल्या घाईत निघून जातील, आणि जावई जाता जाता, चांगला माणूस आहे तो, म्हणेल, "बाबा, टीव्ही लावून देऊ?" काम होते तोवर ते चित्र लांब ठेवता येत होते.

बोटांचे कधी सुरू झाले, ते त्यांना सांगता आले नसते. आधी झोपेतून उठल्यावर उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर असत, आणि हात झटकला की पूर्ववत होत. मग झटकूनही होईनात. शर्टाची बटणे आरशात पाहून लावावी लागू लागली. खिशात हात घातला तर किल्ली कोणती आणि पेन्सिलीचा तुकडा कोणता, हे बाहेर काढल्याशिवाय कळेना. एकदा गरम चेंबरला हात टेकून ते बराच वेळ उभे होते, आणि तळहातावर फोड आलेला संध्याकाळी हात धुताना दिसला. डेपोच्या वार्षिक तपासणीत डॉक्टर डोळे बघत, कान बघत, रक्तदाब बघत. बोटांना कोणी काही विचारत नसे, आणि काका आपण होऊन सांगणाऱ्यांतले नव्हते.

पण निरोप येणे बंद झाले तरी नट आवळायचे थांबत नाही. हात सांगेना, तेव्हा त्यांनी खांद्याला विचारायला सुरुवात केली; आणि खांदा हा मुळात आडदांड गडी, त्याला 'पुरे' हा शब्दच ठाऊक नसतो. ढिला तर नाही ना राहिला, या भीतीने ते आणखी थोडे आवळत, आणि त्या 'थोड्या'ला काही अंत नव्हता. घरीही तेच. गच्चीतला सामाईक नळ काकांनी बंद केला की दुसऱ्या कोणाला उघडत नसे. खालच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा रिकामी बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या. "काका, नळ आहे की तिजोरी? उघडून द्या बाई आता." काका वर गेले, नळ उघडून दिला आणि हसले. ते हसू त्यांच्याच कानाला खोटे वाटले.

तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. घाटाच्या मार्गावरची एक बस तेल बदलायला आली. काकांनी खाली तसराळे ठेवले, रिंग पाना नटावर चढवला आणि जोर दिला. नट हलला नाही. पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घालून त्यांनी लांबी वाढवली आणि पाय भिंतीला रोवून ओढले. पाना सटकला, काकांची पाठ मागच्या भिंतीवर आदळली, आणि नटाचे दोन कोपरे सपाट झाले.

अडलेल्या नटाशी कसे वागायचे याची एक उतरंड असते, आणि काका ती पायरी पायरीने उतरले. गंज सोडवायचे तेल मारून त्यांनी वाट पाहिली. मग एक माप लहान, टोपीसारखा बसणारा गोटी पाना हातोडीने ठोकून नटावर बसवला. तो क्षणभर पकडला आणि उरलेले कोपरेही घेऊन सुटला. मग छिन्नी नटाच्या कडेला तिरकी लावून उलट दिशेने ठोके दिले. कडेचे कपचे उडाले. नट आपला होता तिथेच, आता सुपारीसारखा गोल. "कुठल्या बैलानं आवळलाय हा," असे पुटपुटत त्यांनी रॉकेलच्या फडक्याने भोवतीची राड पुसली, आणि हात तिथेच थबकला. चिखल आणि काजळीखाली ठिपका होता. अर्धा नटावर, अर्धा चेंबरवर, अभंग. पिवळा.

काका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. वर कोणीतरी रेडिओ लावला होता.

फडके हातातच होते. रॉकेलचा आणखी एक फटकारा, की ठिपका नाहीसा. बिनठिपक्याचे काम डेपोत कोणाच्या नावावर जाते हे त्यांना पक्के ठाऊक होते: पांढऱ्याच्या. तो माणूस मंद म्हणून ओळखला जाई, आणि ती ओळख त्याला काकांनीच करून दिली होती. नवा असताना त्याने एकदा वर जाऊन मापाचा पाना मागितला होता. हा पाना फोरमनच्या कपाटात लाल पेटीत असे. ठरवलेला जोर पुरा झाला की तो 'टक्' करतो, आणि इंजिनचे डोके बसवण्याखेरीज तो कोणी काढत नसे. चेंबरच्या नटासाठी तो मागितलेला ऐकून काका खालून म्हणाले होते, "दूध तापलं का बघायला थर्मामीटर लावतोस का रे?" सारी शेड हसली होती. काकांनी केलेला आणि वरपर्यंत पोहोचलेला तेवढा एकच विनोद.

तेव्हा फडके फिरवले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण काकांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्याचा चेहरा आला नाही. त्यांना दिसल्या त्या गाड्या. या एका नटाला असे झाले, तर या हाताने आवळलेले बाकीचे नट या क्षणी कुठे कुठे फिरत असतील? एखादे चेंबर घाटाच्या मधोमध तडकले, तेल सांडले, इंजिन जागच्या जागी जखडले, आणि मागे माणसांनी भरलेली गाडी. आणि पिवळ्याखाली वाकून बघायला कोणी नाही.

त्यांनी फडके खाली ठेवले आणि पायऱ्या चढून वेल्डरला हाक मारली.

वेल्डरला सगळे ठिणगी म्हणत. कामामुळे, आणि जिभेमुळेही. तो उतरता उतरताच सुरू झाला. "काका, मला आणि खाली बोलावणं? मला वाटलं, तुमच्या राज्यात परक्याला प्रवेशच नाही."

"नट गोल झालाय."

"कुणी केला?"

"मी."

"तुम्ही गोल केलात, म्हणजे आधी आवळला कुठल्या राक्षसानं?" त्याने बॅटरीचा झोत वर टाकला. झोत ठिपक्यावर येऊन थांबला, आणि ठिणगीची जीभही. मग तो जरा हळू म्हणाला, "कुणाचा राग काढला होतात हो यावर?"

"राग नाही."

"मग?"

"पुरे झालं ते कळत नाही मला," काका म्हणाले. "बोटांना."

"कधीपासून?"

"तेही कळलं नाही."

हे वाक्य त्यांनी आजवर कोणापाशी उच्चारले नव्हते, स्वतःपाशीही नाही. आणि उच्चारल्यावर ते फार लहान वाटले. ठिणगीने खिशातला खडू काढला, काकांचा उजवा हात हातात घेतला आणि खडूचे टोक अंगठ्याच्या पेरात रुतवले. "हे कळतंय?"

"काय?" काकांनी विचारले.

ठिणगीने खडू खिशात ठेवला आणि कामाला लागला.

तेलाने भरलेल्या चेंबरखाली आग नको, म्हणून दोघांनी आधी वरच्या नळीतून हातपंपाने तेल उपसून काढले. शेजारी वाळूची बादली ठेवली. गोल झालेल्या नटाच्या डोक्यावर ठिणगीने एक मोठा, नवा नट धरला आणि त्याच्या पोकळीत वेल्डिंग भरून दोन्ही एकजीव केले. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. सिमेंटवर त्यांचीच सावली निळी पांढरी होऊन नाचत होती. धग उतरण्यापूर्वी नव्या कोपऱ्यांवर पाना चढवून ठिणगीने ओढले. करकरत, जणू दात काढावा तसा, नट सुटला. त्याच्याबरोबर चेंबरचे आटे चकचकीत सुतासारखे लोंबत बाहेर आले. आणि भोकाच्या कडेपासून एक केसाएवढी चीर आत गेलेली दिसली.

"ही आत्ताची नाही," ठिणगी म्हणाला. "कडेला तेल मुरून काळी झालीय. आणखी चार खेपा झाल्या असत्या ना..."

"माहीत आहे."

"फोरमनला गंज चढला होता म्हणून सांगू. चेंबर बदलू, विषय संपला. मी कुठे कोणाला बोलायला जातोय?"

त्याच्या बोलण्यात माया होती आणि काकांना ती कळली. ते म्हणाले, "तू नको बोलूस. मी बोलतो."

फोरमनची खोली काचेची. आत बसलेल्याला सगळी शेड दिसते, खड्डा सोडून. त्याने सगळे ऐकून घेतले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. दोघे एकाच सुमारास कामाला लागले होते. एक वर चढत गेला होता, एक खाली उतरून राहिला होता.

"हे मला सांगायलाच हवं होतं का, काका?"

"बाकीच्या गाड्यांचं काय करायचं मग?"

"कुठल्या बाकीच्या?"

"पिवळ्या."

फोरमनने खिडकीतून बाहेर पाहिले. रांगेत सात-आठ गाड्या उभ्या होत्या. "कधीपासूनच्या?"

"सांगता येत नाही. सगळ्याच धरा."

"सगळ्या? अहो, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय, कळतंय ना?"

"पायाला अजून कळतं," काका म्हणाले.

फोरमनला हसू आले आणि लगेच त्याचेच वाईट वाटले. त्याने चष्मा पुन्हा चढवला. "ठीक आहे. तुम्हीच उघडा, तुम्हीच नीट करा, मापाच्या पान्यानं. ते झालं की वर या. स्टोअरच्या खिडकीत बसायला कोणीतरी हवंच आहे. ही काही शिक्षा नाही, काका."

शिक्षा असती तर बरे, असे काकांना वाटले. शिक्षेला मुदत असते.

मापाचा पाना कसा लावायचा हे त्यांना शिकवले ते पांढऱ्यानेच. पाळी बदलताना तो खड्ड्यात थोडा आधी उतरला आणि दांड्यावरची कडी फिरवून आकडा जुळवून दिला. "टक् झालं की थांबायचं, काका. पुढे एक केसही नाही." मग पेटीचे झाकण लावता लावता म्हणाला, "दुधासाठी वेगळा असतो."

काकांनी मान खाली घातली; पण पांढरा हसत होता, आणि ते हसू तरी वरून आलेले नव्हते. ते दोन हातांवर, समोरासमोर होते.

गाड्या जसजशा डेपोत परतत, तसतसे काका त्यांच्याखाली जात. काही नट पाइप लावून निघाले. काहींना ठिणगी लागला. आणखी एका चेंबरला चीर सापडली, आणि त्या दिवशी काका दुपारचे जेवले नाहीत. नवा वॉशर, नवा नट, आणि मग तो अनोळखी 'टक्'. तो आवाज त्यांना दर वेळी फार लवकर आल्यासारखा वाटे. खांदा आणखी मागत राही, आणि पाना मात्र बजावून मोकळा झालेला असे. पुरे कुठे होते ते आता त्यांना कानाने शिकावे लागत होते. काम झाल्यावर ते पिवळा ठिपका देत नसत. पांढऱ्याची डबी घेत. माप त्याचे होते.

"जरा हळू घ्या की," ठिणगी एकदा वरून वाकून म्हणाला. "संपलं की खिडकीत नेऊन बसवणारेत तुम्हाला. इतकी कसली घाई?"

"तू बसशील का घाटातल्या गाडीत, चिरलेल्या चेंबरवर?"

"मी तर धड चेंबरवरही बसत नाही. चालक बघितलेत का आपले?"

वर हशा पिकला. या वेळी विनोद खालीही आला होता.

रविवारी मुलीचा फोन आला. काकांनी तिला सगळे सांगितले. बोटांचे, नटाचे, खिडकीचे. ती रडवेल्या आवाजात रागावली. "मला सांगायचं नाही? मी कोण आहे? दर आठवड्याला जेवलो, जेवलो म्हणता!"

"जेवत होतोच ना."

"बाबा!" आणि मग, "आता तरी या. आता काय काम आहे तिथं?"

"एक गाडी राहिलीय," काका म्हणाले.

ती खरेच राहिली होती. बऱ्याच आधी, तळ्याकाठच्या एका लहान स्थानकाला डेपोने एक जुनी बस दिली होती. ती तिकडेच फिरे, तिकडेच मुक्काम करी, आणि थोडी चालत असल्यामुळे तिचे तेल अजून बदलायला झालेले नव्हते. तिच्या नटावरचा ठिपका पिवळा होता. फोरमन म्हणाला, "ती सोडा. तिकडचे बघतील वेळ आली की." काकांनी सुट्टीच्या दिवशी जाण्याची परवानगी मागितली, आणि लाल पेटीही.

"पेटी हरवलीत तर परत येऊ नका," फोरमन म्हणाला, आणि ती स्वतः कपाटातून काढून त्यांच्या हातात दिली.

काका बसमध्ये प्रवासी म्हणून कित्येक वर्षांत बसले नव्हते. मांडीवर पेटी धरून ते खिडकीशी बसले. पायांखाली इंजिन चालले होते. ते बाहेर बघायचे विसरून खालचा आवाज ऐकत राहिले. शेजारच्या बाईने पेटीकडे पाहून विचारले, "वाद्य आहे का?" ते म्हणाले, "तसंच काहीसं." तिने पुढे काही विचारले असते तर त्यांना आवडले असते. पण ती पुढच्या थांब्यावर उतरली.

स्थानक म्हणजे पत्र्याचे एक छप्पर, एक बाकडे आणि हत्यारांची एक खोली. तिथल्या मेकॅनिक बाई खोलीच्या पायरीवर बसून पंख्याचा पट्टा साफ करत होत्या.

"मोठ्या डेपोतून आलोय," काका म्हणाले. "खालचा."

"खालचा म्हणजे कुठला?"

याचे उत्तर त्यांना आजवर कधी द्यावे लागले नव्हते. "तेल बदलतो मी. या गाडीचा नट मी बसवला होता. तो बघायचाय."

"गळत तर नाही."

"गळणार नाही. तोच तर घोटाळा आहे."

बाईंनी खांदे उडवले. "बघा बाबा. पण इथं खड्डा नाही. आडवं व्हावं लागेल." त्यांनी एक पोते आणून गाडीखाली अंथरले.

काका पाठीवर सरकत आत गेले. चेंबर पुसले. ठिपका होता, उन्हाधुळीने फिकट झालेला, पण अभंग. मोठ्या झटापटीची तयारी करून त्यांनी जवळ पाइप ठेवला, छिन्नी ठेवली, मनात ठिणगीला बोलावण्याचा निरोपही जुळवून ठेवला. पाना चढवला आणि पहिला जोर नुसता अंदाज घेण्यापुरता दिला.

नट सुटला.

एकाच ओढीत, जितका अडायला हवा तितका अडून आणि जिथे सुटायला हवा तिथे सुटून. काकांनी लगबगीने तसराळे पुढे ओढले. तेल वाहून गेल्यावर त्यांनी नट उजेडात धरला. आटे अखंड. वॉशरवर दाब सगळीकडे सारखा उमटलेला, एखाद्या सुबक वर्तुळासारखा. त्यांनी भोकाच्या कडेने दिवा फिरवला. चीर नव्हती.

"काय निघालं?" बाहेरून बाईंनी विचारले.

"काही नाही. बरोबर आवळलेला होता."

"मग एवढ्या लांब उगाच आलात."

छातीवर नट धरून काका पडून राहिले. म्हणजे त्या दिवशी हात आपला होता. तो दिवस कोणता, हे त्यांनी आठवून पाहिले: कोणती पाळी, वर कोण होते, डब्यात काय होते. काहीच हाती लागेना. साधाच दिवस असणार. हाताने 'पुरे' म्हटले असेल आणि आपण थांबलो असू, रोजच्यासारखे, त्याकडे लक्षही न देता. लक्ष ठेवावे असे त्यात काय होते?

नवा वॉशर त्यांनी खिशातून काढला आणि तो बोटांतून निसटून धुळीत पडला. दोनदा चाचपून त्यांनी हाक मारली, "अहो, जरा तो वॉशर उचलून देता का? माझ्या बोटांना सापडत नाही."

बाई गुडघ्यांवर वाकल्या, वॉशर उचलला, आपल्या कपड्याला पुसला आणि आत येऊन स्वतःच नटावर चढवून दिला. "बोटांना काय झालंय?"

"गेलीत."

"दाखवलंत कोणाला?"

"अजून नाही."

"माझ्या भावाचं असंच होतं. मनगटावर लहानसं ऑपरेशन केलं. थोडं आलं परत, सगळं नाही." ही गोष्ट त्यांनी तेलाचा भाव सांगावा तशी सांगितली. मग पेटीतला पाना पाहून म्हणाल्या, "हा कशाला? हातानं आवळा की. इतका चांगला आवळला होतात."

काकांनी आटे जुळवले, नट बसत गेला, आणि त्यांनी मापाचा पाना लावून सावकाश ओढला. पत्र्याच्या छपराखाली 'टक्' असा आवाज झाला, आणि ते थांबले.

नवे तेल भरून झाले. गाडीच्या खेपेची वेळ झाली होती. चालक येऊन दार आपटून बसला. बाईंनी खाली वाकून हात पुढे केला, काकांनी आपला दिला आणि त्यांनी ओढून त्यांना बाहेर काढले. आपला हात कोणी धरला आहे हे काकांना ओढ कोपरापर्यंत आल्यावर कळले.

"परतीची गाडी संध्याकाळी आहे," बाई म्हणाल्या. "तोवर काय कराल?"

"बसतो," काका म्हणाले.

बस धूळ उडवत तळ्याच्या वळणावर गेली. काका बाकड्यावर बसले, पेटी शेजारी ठेवली आणि डाव्या हाताने खिशातून फोन काढून मुलीला लावला. रविवार नव्हता. पलीकडून तिने घाबरूनच विचारले, "काय झालं, बाबा?"

"काही नाही. शेवटची गाडी झाली."

"आणि?"

"ती बरोबर होती," ते म्हणाले, आणि मग, ती काही बोलायच्या आत, "तुमच्याकडे हातांचा चांगला डॉक्टर आहे का गं कोणी?"